उजवीकडे अठ्ठ्याहत्तर टक्के

७ ऑक्टोबर २०१८, रविवार. सकाळी ५.४०

आजपासून रोजनिशी. वही दोनशे पानी. पहिल्या पानावर लिहिले: अश्विन तेजराम शहारे, साऊंड डिझायनर, मु. पो. एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा.

साऊंड डिझायनर कालपासून. काल समाजमंदिरात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाची पहिली बैठक झाली. नाटक बसवायला साकोलीचे श्यामराव आले होते. ते एका मोठ्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतात. दिवाळी ते होळी, शंभर गावे. आमचे नाटक 'माय, दार कोणासाठी उघडू?'. तिसऱ्या अंकात नायकाची मेलेली आई त्याला हाक मारते. श्यामराव म्हणाले, हाक त्याच्याभोवती फिरल्यासारखी वाटली पाहिजे, पण पडद्यामागे बाई उभी केली की आवाज एकाच जागेवरून येतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, हे स्टिरिओ पॅन मॉड्युलेशनने होते.

श्यामराव म्हणाले, "होते ना? मंग कर. जमलं तं सीझनभर तुले कंपनीत घेतो."

खाली बसल्यावर लक्षात आले की मला ते येत नाही. शब्द एका व्हिडिओत ऐकला होता. पण शिकणे ही फक्त वेळेची बाब आहे, आणि मंडई चौदा नोव्हेंबरला आहे. अडतीस दिवस.

बाबांना सांगितले. बाबा कालव्यावर चौकीदार आहेत, पूर्ण ऐकून घेतात. म्हणाले, "वासुदेवरावनं सांगून ठेवलं हाय. सोळा नवंबरपासून मिलच्या काट्यावर पोरगा पाहिजे. मंडईपर्यंत तुले मोकळीक. नाई जमलं तं काटा."

मी लगेच होकार दिला. न जमण्याचा प्रश्नच नाही.

(वासुदेवराव म्हणजे मामा. राईस मिलच्या काट्यावर धानाच्या गाड्यांचे वजन करतात. काट्याची खोली मी पाहिली आहे. सहा फूट बाय सहा फूट, खिडकी एक. मामा तिथे सव्वीस वर्षे आहेत. आता त्यांना बाजूला पाहायचे असेल तर मान वळत नाही, खुर्चीसकट मामा वळतात.)

संकल्प: रोज पाचला उठणे.

९ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ८.१५

स्टुडिओ मिळाला. धानाची खोली. उजव्या भिंतीला मागच्या वर्षीची चौदा पोती. बाबा म्हणाले, यंदाचा धान येईल तेव्हा तोही इथेच. मी म्हणालो, उत्तमच. पोती आवाज शोषून घेतात. शहरात लोक यासाठी फोम विकत आणतात.

मांडणी: तोंड खिडकीकडे. डावीकडे दार, उजवीकडे पोती, मधे मी. दोन स्पीकर. एकावर 'डा' लिहून चिकटवले, दुसऱ्यावर 'उ'. दाराबाहेर पाटी लावली: शांतता राखा. काम सुरू आहे. अक्षर चांगले आले.

हेडफोन धाकट्या बहिणीला, तृप्तीला, देऊन टाकले. ती नर्सिंग करते, मोबाइलवर लेक्चर ऐकते. म्हणाली, "दादा, तुलेच लागतीन ना हे." मी समजावले की मंडपात लोक हेडफोन लावून बसत नाहीत. खरा आवाज हवेतून येतो. तिने लगेच घेतले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

नीट लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.

पॅन म्हणजे आवाज डाव्या स्पीकरमधून निघणार की उजव्या, हे ठरवणारे बटन. मॉड्युलेशन म्हणजे ते बटन कोणी हात न लावता फिरत राहणे. फिरवणाऱ्याला एलएफओ म्हणतात. एलएफओला दोन गोष्टी सांगायच्या: रेट, म्हणजे किती वेगाने फिरव, आणि डेप्थ, म्हणजे किती लांबपर्यंत जा. तिसरी गोष्ट सेंटर, म्हणजे कुठून सुरुवात कर. सेंटर मधोमध, शून्यावर ठेवायचे असते.

सिंथेसायझर लॅपटॉपमध्ये उतरवला. फुकटचा आहे पण त्यात बटने एकशे बारा आहेत. मोजली. आज एकही फिरवले नाही. आधी सगळ्यांची नावे वहीत उतरवली.

१८ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४

दसरा. सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. गल्लीत मी आणि शकुबाईंची शेळी. शकुबाई शेजारच्या, त्याही गेल्या.

मी मुद्दाम थांबलो. घरात पूर्ण शांतता, आजच एलएफओ पॅनला जोडून संपवायचा असे ठरवले होते.

वीज दहाला गेली. बॅटरी चाळीस मिनिटे टिकते. त्यातली पस्तीस अपडेटमध्ये गेली.

संकल्प: पुढच्या वर्षी दीक्षाभूमीवर नक्की जाणे. कंपनीच्या दौऱ्यातून एक दिवस मागून घेईन.

२४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ११.२०

फिरला!

११ वाजून ४ मिनिटांनी आवाज डावीकडून उजवीकडे गेला, ११ वाजून ४ मिनिटांनीच परत आला. माझ्या डोक्यातून पक्षी उडाल्यासारखे वाटले. आईला बोलावून खुर्चीत बसवले. तिने डोळे मिटून ऐकले. म्हणाली, "डास हाय का रे?" म्हणजे परिणाम होतो.

त्याच दिवशी, सायंकाळी ५

दुपारी हलका, म्हणजे सर्वांत लवकर पिकणारा, धान आला. एकतीस पोती. उजवीकडे रचली. माझे टेबल दीड हात सरकवावे लागले. 'उ' स्पीकर आता दोन थप्प्यांच्या मधल्या खोबणीत आहे, अगदी बेताने बसला.

२८ ऑक्टोबर, रविवार

अडचण. आवाज डावीकडे ठणठणीत, उजवीकडे मेल्यासारखा. सिंथेसायझरचा दोष असणार, फुकटचा आहे. मी घाबरलो नाही. सेंटर शून्यावरून उजवीकडे पंधरा टक्के केले. आता बरोबर.

तृप्ती डोकावली. म्हणाली, "दादा, पोत्यायमुळं होत असन." मी विचारले, नर्सिंगमध्ये ध्वनिशास्त्र कोणत्या वर्षाला असते. ती गेली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आईच्या आवाजाचे रेकॉर्डिंग. नाटकात आईचे काम करणारी नटी नागपूरहून थेट मंडईच्या दिवशी येणार, म्हणून हाक आधी रेकॉर्ड करून सिंथमध्ये टाकायची. श्यामराव म्हणाले, घरचीच एखादी बाई घे. मी आईला घेतले. धुरपता तेजराम शहारे, असे निवेदनात नाव येणार. तिने दोनदा विचारले, नाव माइकवर घेतील का.

वाक्य: 'दार उघड बाळा, तुझी माय आली आहे.'

एक्केचाळीस वेळा म्हणवून घेतले. प्रत्येक वेळी ती शाळेच्या तपासणीला उभी असल्यासारखी बोलते. 'आहे' वर तर फारच जोर. मी म्हणालो, तू मेलेली आहेस, तसे बोल. ती म्हणाली, "मेलेली बाई 'आहे' कायले म्हणन गा?" चूल पेटवायला निघून गेली.

पण तिने पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितले आहे. शकुबाई, उषाबाई, पूर्ण गल्ली तिचा आवाज ऐकायला येणार. तिने पेटीतले हिरवे लुगडे उन्हात घातले.

४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

मंडपवाले भैय्यालाल यांच्याशी बैठक. बॉक्स आणि अँप्लिफायर त्यांचे. मी नकाशा काढून नेला. मंचाकडे तोंड केले की मधे बांबू, डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष, दरवर्षीप्रमाणे. डावा बॉक्स बायांवर, उजवा पुरुषांवर. प्रत्येकाला वेगळी वायर.

भैय्यालाल म्हणाले, "वेगळी काहून गा? बावीस वर्षं झाले, दोन्ही बॉक्सात एकच आवाज सोडतो. कोणाची तक्रार नाई."

मी म्हणालो, तक्रार नसणे म्हणजे कला नव्हे.

ते नकाशाकडे बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "पोरगा हुशार हाय. अक्षर झ्याक हाय." वायर वेगळ्या करायला तयार झाले.

त्यांच्या फलकावर 'मंडई निमित्य' असे लिहिले होते. खडूने 'निमित्त' करून दिले.

८ नोव्हेंबर, गुरुवार

मध्यम धान आला. आणखी अडतीस पोती. आता थप्पी छताला. 'उ' स्पीकर दिसत नाही, पण तो कुठे आहे हे मला माहीत आहे. लाल दिवा फटीतून दिसतो.

उजवीकडचा आवाज आणखी पडला. सेंटर पंचावन्न टक्के. दुसरी अडचण: आवाज डावीकडे जातो तेव्हा 'डा' स्पीकर कानापासून एक वीत, एकदम दचकायला होते. कारण माझी खुर्ची आता दार आणि पोती यांच्यात जेमतेम बसते. उठायचे असेल तर आधी टेबल उचलावे लागते. म्हणून डेप्थ कमी केली, शंभराची वीस. आता आवाज लांब जात नाही, जागच्या जागी सूक्ष्म फिरतो. दर्जेदार कामात सूक्ष्मता असते.

बाबा दारातून म्हणाले, "मामाचा फोन होता." मी म्हणालो, सांगा मी कामात आहे. ते म्हणाले, "कामाचाच फोन होता."

१० नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.३०

मिळाला! आवाज मिळाला.

सकाळपासून दार लावून बसलो होतो, माइक चुकून चालू राहिला. दीडच्या सुमारास आई बाहेरून म्हणाली, "दार उघड ना बापू. सकाळपासून जेवला नाई तू." मी वहीत नोंदी करत होतो. मग हळू म्हणाली, "ठेवतो मंग झाकून." आमच्याकडे बायाही कधी कधी 'ठेवतो' म्हणतात.

ते सगळे रेकॉर्ड झाले. पुन्हा ऐकले. नाटकातल्या वाक्यापेक्षा शंभर पटीने चांगले. ऐकता ऐकता अडीच वाजले, जेवायचे राहूनच गेले.

हेच वापरणार. आईला सांगितले नाही. तिथेच ऐकेल, आश्चर्य वाटेल.

आवाज पॅनला लावला. उजवीकडे अजून थोडे कमी वाटले. सेंटर अठ्ठ्याहत्तर. आता डोळे मिटले की ती बरोबर माझ्यासमोर उभी आहे, ना डावीकडे ना उजवीकडे. सेटिंग सेव्ह केले. नाव दिले: आई_अंतिम. आता हात लावायचा नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.३०

आज अकराला मंडपात चाचणी. श्यामराव येणार. सदरा इस्त्री केला.

त्याच दिवशी, १०.५५

दार उघडत नाही.

त्याच दिवशी, ११.१०

कारण समजले. भारी, म्हणजे सर्वांत उशिरा पिकणारा, धान आला. खोलीत जागा नाही म्हणून हमालांनी पोती ओसरीत रचली, दाराला लावून. दार बाहेर उघडते; खोलीत जागा वाचावी म्हणून बाबांनीच तसे बसवले होते. बाबांनी हमालांना म्हणे सांगितले की आवाज करू नका, पाटी वाचा. त्यांनी अजिबात आवाज केला नाही. हमाल आता दुसऱ्या गावी गेले. बाबा कालव्यावर.

त्याच दिवशी, दुपारी १.४०

तृप्तीने खिडकीच्या गजांतून भाकरी दिली. वरणाची वाटी गजांतून जात नव्हती, म्हणून पिशवीत. म्हणाली, "दादा, श्यामरावाचा निरोप हाय. म्हणते, येऊन नाई राहिला का तो?" मी सांगितले, म्हणावे काम अंतिम टप्प्यात आहे.

आईने पोत्यांच्या पलीकडून विचारले, "जीव तं नाई घाबरत ना बापू?" मी म्हणालो, नाही. तिला आवाज अर्धाच गेला असावा. तिने पुन्हा विचारले.

त्याच दिवशी, सायंकाळी ६.५०

बाहेर आलो. एकूण सात तास पंचावन्न मिनिटे. चाचणी झाली नाही, पण एका अर्थी बरे झाले. चाचणीत लोक सूचना करतात.

१५ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९

काल नाटक झाले. क्रमाने लिहितो.

वेळेवर पोहोचलो. वायर स्वतः जोडल्या, 'डा' डावीकडे, 'उ' उजवीकडे, दोनदा तपासल्या. माझी जागा मंचाखाली, पुरुषांच्या बाजूला, उजव्या बॉक्सच्या अगदी पुढे. बांबूपलीकडे पहिल्याच ओळीत आई, हिरव्या लुगड्यात. मागे पूर्ण गल्ली.

निवेदन झाले. 'आईचा आवाज: धुरपता शहारे.' बायांनी टाळ्या वाजवल्या. आईने पदर सारखा केला.

तिसरा अंक. नायक गुडघ्यांवर. मी बटन दाबले.

"दार उघड ना बापू. सकाळपासून जेवला नाई तू."

सांगतो, असा आवाज एकोडीत कधी ऐकला गेला नाही. पुरुषांची बाजू पुढे सरकून ऐकू लागली. नायकही गडबडला, कारण त्याने हे वाक्य ऐकलेले नव्हते, आणि गडबडीत खरोखर रडला. माझ्या मागे एक म्हातारा टोपीने डोळे पुसत होता. "ठेवतो मंग झाकून" ला तर बाबाही. मी स्वतः पाहिले.

त्याच वेळी बायांकडून मोठा गलका उठला. मी समजलो, दाद आहे. हात जोडले.

दाद नव्हती. शकुबाई उभ्या राहून ओरडत होत्या, "अगा आवाज सोड ना आमच्याकडं! कोणी बोललं नाई तं तो काहून रडून रायला?" उषाबाई म्हणाल्या, पोटात दुखत असेल त्याच्या. हसू पिकले. पुरुष म्हणाले, चूप बसा, माय बोलून राहिली. बाया म्हणाल्या, कोणती माय, आम्हाले कोणी दिसत नाई, ऐकू येत नाई, तुमची तुम्हीच ठेवून घेतली का? मग त्यांनी बांबू काढला आणि ऐकायला सगळ्या इकडे आल्या. तोवर हाक संपली होती. परत लावा म्हणाल्या. नायक म्हणाला, मला आता परत रडू येणार नाही. नाटक पंचवीस मिनिटे बंद.

निष्कर्ष: पुरुषांत पूर्ण यश. बायांत तांत्रिक व्यत्यय. डाव्या बॉक्सचा दोष असावा.

भैय्यालालनी डावा बॉक्स तिथल्या तिथे लावून दाखवला. त्याच्यातून गाणे खणखणीत वाजले. दोन्ही वायर पिळून एकत्र जोडल्या, एवढेच.

श्यामरावांकडे गेलो. ते ऑर्गनला खोळ घालत होते. म्हणाले, "पोरा, आवाज तं कमालीचा काढला. पण तुले घेतलं तं कंपनीले रोज दोन नाटकं कराव लागतीन, एक मानसायचं आन एक बायायचं." मी विचारले, म्हणजे पुढच्या वर्षी? ते म्हणाले, "खोळीचं ते टोक धर जरा." मी धरले.

घरी येताना आई सगळ्यांच्या पुढे चालत होती. दारात आल्यावर बाबांना विचारले, "काय म्हटलं वो मी?"

बाबा म्हणाले, "चांगलं म्हटलं."

"पण काय?"

बाबा चपला काढत होते. म्हणाले, "जेवाले बोलावत होतीस."

आई म्हणाली, "हे तं मी रोजच म्हणतो." आणि आत गेली. हिरवे लुगडे घडी घालून पेटीत.

त्याच दिवशी, सायंकाळी ५

धान खरेदी केंद्र उघडले. सकाळपासून ट्रॅक्टरच्या चार खेपा. खोली रिकामी झाली. इतकी मोठी होती हे विसरलो होतो. 'उ' स्पीकर सापडला, वर भुसा, पण चालू.

आईला खुर्चीत बसवून ऐकवावे म्हणून आधी स्वतः आई_अंतिम लावून पाहिले.

सगळा आवाज उजवीकडून.

डावा स्पीकर बिघडला असावा.

तपासला. चांगला आहे.

तृप्ती दारात उभी होती. हेडफोन आणून टेबलावर ठेवले.

आईला बोलावले नाही. सेंटर शून्यावर आणून मग बोलावणार होतो. तेवढ्यात मामाचा फोन आला.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.१५, काटा

रुजू झालो. खोली सहा बाय सहा. मामांनी खुर्ची दिली, स्वतः स्टूल घेतले. म्हणाले, "भिंतीले टेकू नको, चुना लागते." मग आठवण झाल्यासारखे म्हणाले, "पहिली दहा वर्षं."

काम सोपे आहे. ट्रॅक्टर काट्यावर येतो, दोन्ही बाजूंची चाके काट्याच्या पाटावर बरोबर मधोमध पाहिजेत, नाहीतर वजन चुकते. मी माइकवर सांगतो: थोडी डावीकडे. थोडी उजवीकडे. बस. ड्रायव्हर विचारतात, कोणाच्या डावीकडे, तुह्या का माह्या? सकाळपासून सगळ्यांनी विचारले. संकल्प: उद्या नकाशा काढून खिडकीला लावणे.

माइकचा भोंगा एकच आहे, छपरावर. सगळ्यांना सारखे ऐकू येते.

आत्ता आईचा फोन आला होता. मिलचा आवाज फार, म्हणून एक कान बोटाने बंद केला आणि दुसऱ्याला फोन लावला.

म्हणाली, "जेवला का बापू?"

स्पष्ट आले. पूर्ण.